डिफॉल्टमध्ये कोण राहतं?

कोड तपासणारं टूल ओरडत होतं म्हणून डिफॉल्ट टाकला, असं तो म्हणाला. पणजीतल्या पाटोवरच्या आमच्या ऑफिसातली जुलैमधली दुपार. पावसानं अटल सेतूच्या केबली पुसून टाकल्या होत्या. कोपऱ्यात उघड्या ठेवलेल्या छत्र्यांखालून पाण्याचे ओघळ निघाले होते आणि एसीच्या गारव्यात सगळ्यांच्या ओल्या कपड्यांचा कुबट वास भरून राहिला होता. साखळीहून येणारा हा मुलगा नुकताच लागलेला. त्याच्या शेजारी बसून मी त्याचा कोड वाचत होते. दवाखान्यांसाठी आम्ही जे सॉफ्टवेअर चालवतो, त्यातून रुग्णाला अपॉइंटमेंटची आठवण करून देणारा एसएमएस जातो. तो कोणत्या भाषेत जावा हे ठरवणारा स्विच त्यानं लिहिला होता. स्विच म्हणजे एक किंमत बघून अनेक वाटांतली एक निवडणारा कोड: प्रत्येक वाट म्हणजे केस, ती संपवणारा ब्रेक, आणि कुठल्याच केसमध्ये न बसणाऱ्यासाठी डिफॉल्ट. केस कोंकणी, केस मराठी, केस हिंदी, केस कन्नड, केस इंग्रजी. प्रत्येकीच्या शेवटी ब्रेक, सगळं नीट एका रांगेत. आणि सगळ्यांत खाली डिफॉल्ट, त्यात पुन्हा इंग्रजी. मी विचारलं, "हा डिफॉल्ट कोणासाठी?" तो म्हणाला, "कोणासाठी नाही, ताई. पाचही भाषा वर आल्यात. पण डिफॉल्ट नसला की टूल ओरडतं."

उत्तर सरळ होतं. कोड तपासणाऱ्या टूलचा तसा नियम आहे आणि त्यानं तो पाळला होता. विषय तिथंच थांबला. पण संध्याकाळी डिचोलीच्या बसमध्ये, काचा बंद, आत वाफ धरलेली, मांडीवर ओली पर्स, अशी बसले असताना ते "कोणासाठी नाही" पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. ज्या ओळी कोणासाठीच नाहीत, त्या आपण इतक्या काळजीनं कशाला लिहितो? आणि त्या खरंच कोणासाठी नसतात का?

स्विच मी शिकले ते सी भाषेत. लॅबमध्ये शिरताना चपला बाहेर काढायच्या, पावसाळ्यात पाय ओले, फरशी गार, निळ्या पडद्याचा टर्बो सी, आणि वीज गेली की एकदम गप्प होणारी ती खोली. स्विचचा पहिला प्रोग्राम ठरलेलाच: १ ते ७ आकडा घ्या आणि वार छापा. दुसराही ठरलेला: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. आमचे सर एकच गोष्ट घोकून घेत. ब्रेक विसरू नका. परीक्षेत हमखास प्रश्न यायचा: तिसऱ्या केसला ब्रेक नाही, आउटपुट काय येईल? बुधवार छापून झाला की गुरुवारही छापला जायचा, मग पुढचा ब्रेक भेटेपर्यंत जे जे वाटेत येईल ते सगळं. आम्ही बोटं ठेवून ठेवून ते उत्तर काढायचो. केस म्हणजे वेगळी खोली, असं पोरांना वाटतं. खरं तर ती फक्त थांब्यावरची पाटी असते. पणजी-फोंडा बसमध्ये तुम्ही बाणस्तारीला चढलात, तर उतरेपर्यंत बस पुढच्या प्रत्येक थांब्यावरून जाणारच. ब्रेक म्हणजे उतरणं.

हे असं का, ते तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. सी भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली, केन टॉम्पसन यांच्या बी भाषेवरून. स्विचची रचना यंत्राच्या अगदी जवळची होती: किंमत बघा, त्या पाटीवर उडी मारा, तिथून खाली चालत राहा. कंपायलरला, म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामला, त्यातून उड्यांचा तक्ता करता यायचा, म्हणजे वीस केस असल्या तरी वीस तुलना कराव्या लागत नाहीत. अनेक केस एकाच कामासाठी एकाखाली एक रचायच्या तर हे फार सोयीचं. ब्रायन कर्निहॅन आणि रिची यांनी आपल्या १९७८ च्या पुस्तकात शेवटच्या केसनंतरही ब्रेक लिहायचा सल्ला दिला आहे, गरज नसताना. उद्या कोणी खाली आणखी एक केस जोडली तर वरची तिच्यात ओघळू नये म्हणून. मला तो सल्ला फार आवडतो. आपल्यानंतर येणाऱ्या, ज्याला आपण कधी भेटणार नाही अशा माणसाची सोय त्यात बघितलेली आहे.

ब्रेकची भीती उगाच नव्हती. १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचं लांब पल्ल्याचं टेलिफोन जाळं सुमारे नऊ तास कोलमडलं. त्यांच्या ११४ मोठ्या एक्स्चेंजवर तेच सॉफ्टवेअर होतं, आदल्याच महिन्यात सुधारलेलं. सी भाषेतल्या एका स्विचच्या केसमध्ये एक इफ, म्हणजे अट, होता आणि त्या इफच्या आत ब्रेक. लिहिणाऱ्याला वाटलं, आपण इफमधून बाहेर पडू. ब्रेक इफला ओळखतच नाही. तो सरळ स्विचमधून बाहेर घेऊन गेला. मधलं काम राहिलं, माहितीवर माहिती लिहिली गेली, एक्स्चेंजनं स्वतःला रीसेट केलं, आणि शुद्धीवर येताना शेजारच्यांना जे संदेश पाठवले त्यांनी शेजारचीही त्याच खड्ड्यात पडली. एकामागून एक, दिवसभर. ही हकीगत मी नव्या मुलांना नेहमी सांगते. लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या कोडमध्ये, स्विच आणि स्विचमध्ये इफ असं दिसलं, की तिथला प्रत्येक ब्रेक कशाचा आहे ते बोट ठेवून म्हणून दाखवायला लावते.

पण ब्रेकचं दुखणं आता बरंच आवरलं आहे, हेही खरं. पीटर व्हॅन डर लिंडन यांनी १९९४ मध्ये लिहून ठेवलंय की सन कंपनीच्या सी कंपायलरचा कोड त्यांनी तपासला, तेव्हा एका केसमधून दुसरीत ओघळणं हवं असायचं ते जेमतेम ३ टक्के ठिकाणी. म्हणजे ९७ टक्के वेळा माणसानं आठवणीनं ब्रेक लिहायचा, उरलेल्या तिघांच्या सोयीसाठी. २००९ मध्ये आलेल्या गो भाषेत हे उलटं केलं: ओघळायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर केस आपोआप संपते. त्या भाषेच्या तिघा कर्त्यांत केन टॉम्पसन स्वतः होते, बी भाषेचे तेच. चाळीस वर्षांनी त्याच माणसाच्या हातून ती वाट बदलावी याचं मला अजून कौतुक वाटतं. जीसीसी कंपायलर २०१७ च्या सातव्या आवृत्तीपासून न सांगता ओघळणाऱ्या केसबद्दल इशारा देऊ शकतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये तर अशा सगळ्या जागा शोधून तिथं "हे मुद्दाम आहे" असं लिहून ठेवण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं. ब्रेकचा प्रश्न यंत्रानं उचलला.

डिफॉल्टचा उचलला नाही.

सासष्टीतल्या एका दवाखान्यानं मध्यंतरी रोमी कोंकणी मागितली. त्यांच्याकडे येणारी बरीच वयस्क मंडळी कोंकणी रोमन लिपीतच वाचतात, प्रार्थनेचं पुस्तक असो की वर्तमानपत्र. मागणी अगदी रास्त. भाषांच्या यादीत सहावं नाव आलं, आठवण करून देणाऱ्या निरोपाची केस लिहिली, मसुदा ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे नोंदवला, निरोप जाऊ लागले. सगळे खूश. मग बऱ्याच महिन्यांनी तिथली रिसेप्शनिस्ट फोनवर बोलता बोलता म्हणाली, की रक्ततपासणीला उपाशी पोटी या असं कळवूनसुद्धा काही ठरावीक माणसं पेज जेवूनच येतात, आणि मग म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्या दिवशी पुन्हा रिक्षा करून यावं लागतं. तिनं ते तक्रार म्हणून सांगितलंच नव्हतं. आम्ही शोधलं. उपाशी येण्याचा निरोप वेगळ्या फाइलीतून जायचा, आमच्याकडे आयत्या आलेल्या जुन्या कोडमधून. तिथल्या स्विचमध्ये पाच भाषा होत्या आणि खाली डिफॉल्ट: इंग्रजी. सहावी भाषा निमूट त्यात जाऊन पडली होती. अपॉइंटमेंटचा निरोप कोंकणीत यायचा, तो वाचला जायचा. आणि मागोमाग येणारा इंग्रजी निरोप कर्जाची नाहीतर बँकेची जाहिरात समजून सोडून दिला जायचा.

कंपायलर काही बोलला नव्हता. टेस्ट काही बोलल्या नव्हत्या. टूलला तर डिफॉल्ट दिसत होता, ते समाधानी होतं. प्रोग्राम कुठंही पडला नाही, कुठल्याही लॉगमध्ये लाल ओळ नाही. मला सगळ्यांत जास्त लागलं ते हेच. सगळं चालू होतं आणि पाच-पन्नास म्हातारी माणसं डिफॉल्टमध्ये राहत होती.

इंग्रजीच का, यालाही कारण असतं. देवनागरीतला एसएमएस ७० अक्षरांत संपतो, इंग्रजीतला १६०. म्हणजे तोच मजकूर मराठीत पाठवायचा तर दोन-तीन निरोपांचे पैसे. शिवाय इंग्रजी सगळ्यांना थोडंफार येतंच, अशी ऑफिसात बसलेल्या माणसाची समजूत. डिफॉल्टमध्ये आपण जे लिहितो ते बहुधा लिहिणाऱ्याला सोपं असतं तेच असतं. ज्याच्यासाठी लिहिलंय त्याला काय हवं, हे विचारायला तिथं कोणी समोर नसतंच.

कधी कधी डिफॉल्ट बरोबरही येतो, आणि ते मला जास्त धोक्याचं वाटतं. आमच्याकडे तालुक्यावरून जिल्हा काढणारा एक स्विच आहे. केस पेडणे, केस बार्देश, केस डिचोली, केस सत्तरी, केस तिसवाडी, केस फोंडा: सहा पाट्या एकाखाली एक, मध्ये ब्रेक नाही, आणि सगळ्यांसाठी एकच जिल्हा: उत्तर गोवा. ओघळण्याचा हा सरळ, निर्मळ वापर. यात काही वावगं नाही. खाली डिफॉल्ट: दक्षिण गोवा. लिहिणाऱ्यानं वेळ वाचवला. तेव्हा गोव्यात अकरा तालुके होते. पुढे धारबांदोडा हा बारावा तालुका झाला आणि तो तेव्हा दक्षिणेत. स्विचला त्याचं नावही माहीत नाही, तरी उत्तर बरोबर येत राहिलं. कोणाला वाटावं, बघा, डिफॉल्टनं काम केलं. पण काम केलं नव्हतं, नशिबानं जुळलं होतं. हाच स्विच दक्षिणेची नावं वर आणि डिफॉल्टमध्ये उत्तर गोवा असा लिहिला असता, तर धारबांदोड्याची माणसं पणजीच्या हिशेबात मोजली गेली असती. आणि २०१५ मध्ये फोंडा तालुका उत्तरेतून दक्षिणेत गेला, तेव्हा ती पाटी कोणी तरी आठवणीनं उचलायला हवी होती. इथं निदान फोंडा हे नाव लिहिलेलं तरी आहे. शोधलं की सापडतं. डिफॉल्टमध्ये असतं तर शोधायचं काय?

जगातल्या याद्या वाढतात, हे आपल्याला माहीत असतं. तालुके वाढतात, भाषा वाढतात, पैसे देण्याच्या पद्धती वाढतात. कोड लिहिताना मात्र समोरची यादी कायमची वाटते.

बाबांची आठवण इथं आली ती ओढून आणलेली नाही. ते सत्तरीत मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते, आणि मास्तर म्हटला की जनगणनेची ड्युटी आलीच. फेब्रुवारी २००१. काजूला मोहर आलेला, रानातून चालताना तो गोडसर, थोडा घशाला लागणारा वास; बाबांच्या खांद्याला शबनम, तिच्यात ते मोठाले फॉर्म दुमडू नयेत म्हणून पुठ्ठ्यात बांधलेले. सुटीत घरी असले की मी त्यांच्याबरोबर जायची. मातृभाषेचा रकाना आला की ते पेन उचलून थांबायचे आणि समोरचा जो शब्द उच्चारेल तोच अक्षरशः लिहायचे. कोणी धनगरवाड्यावरचा म्हातारा काही वेगळंच नाव सांगायचा. मला वाटायचं, अहो, ही तर मराठीच, नाहीतर कोंकणीच, लिहून टाका ना. एकदा तसं म्हटलंही. बाबा म्हणाले, "वर्गवारी करणारे दिल्लीत बसलेत. माझं काम तो काय म्हणाला ते लिहिण्याचं."

आमचं घरही त्यांच्याच वाट्याला आलं होतं. आणि तिथं मात्र वाद झाला. आम्ही घरात बोलतो कोंकणी, वाचतो-लिहितो मराठी. चवथीला म्हणायच्या आरत्या मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, आणि आई रागावली की शुद्ध कोंकणी. रकान्यात मावतो एकच शब्द. गोव्यात या एका शब्दावरून काय काय झालंय ते मी इथं सांगायला नको. आई म्हणाली, कोंकणी लिहा. बाबांना स्वतःपुढे मराठी लिहायचं होतं. शेवटी त्यांनी सूचनांची पुस्तिका काढली. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई त्या व्यक्तीशी ज्या भाषेत बोलायची ती. आजी दोडामार्गकडची, ती मराठीच बोलायची. म्हणून बाबांपुढे मराठी. आईपुढे कोंकणी. आणि माझ्यापुढे, मी मराठी लेखांची कात्रणं वहीत चिकटवणारी मुलगी असूनही, कोंकणी. मला ते तेव्हा आवडलं नव्हतं. आज इतक्या वर्षांनी वाटतं, की त्यांनी कोणालाही सोयीसाठी कोणाच्या खात्यात ढकललं नाही, स्वतःच्या मुलीलासुद्धा नाही. त्या एका रकान्यात माझं अर्धंच घर मावलं होतं, ही रुखरुख तरीही आहे. रकाना एकच उत्तर घेतो. स्विचही एकाच पाटीवर उडी मारतो.

२०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावं १९,५६९ भरली. छाननी होऊन त्यांच्या १,३६९ मातृभाषा ठरल्या, आणि १,४७४ नावं कुठंच बसेनात म्हणून "इतर" मध्ये गेली. म्हणजे शेवटी तिथंही डिफॉल्ट आहेच; तो टाळता येत नाही. पण त्या इतरमध्ये किती नावं गेली हे आपल्याला सांगता येतं, कारण कोणी तरी दारात उभं राहून आधी ते नाव जसंच्या तसं लिहून घेतलं होतं. आमच्या त्या जुन्या फाइलीत इंग्रजी निरोप गेल्याची नोंद होती. कोणत्या भाषेऐवजी गेला, याची नव्हती.

हे लक्षात आल्यावर मी स्विचबद्दलचे वाद नव्यानं वाचायला लागले, आणि जाणकारांतही दोन तट आहेत हे दिसलं. गाड्यांमधल्या नियंत्रकांसारख्या ठिकाणी पाळले जाणारे मिस्रा सीचे नियम सांगतात, प्रत्येक स्विचला डिफॉल्ट हवाच. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाची शिस्त सांगते, एनमच्या, म्हणजे ठरलेल्या नावांच्या यादीच्या, सगळ्या किमती घेतल्या असतील तर डिफॉल्ट लिहू नका. दोघांचंही म्हणणं मला पटतं. सीमधल्या एनममध्ये यादीबाहेरचा आकडाही येऊन बसू शकतो, मेमरीत एखादा बिट बिघडू शकतो. पायाखालचा ब्रेक दाबल्यावर गाडीनं काय करायचं हे अशा वेळीही ठरलेलं असायला हवं. तिथं डिफॉल्ट हा खरा पहारेकरी. पण एलएलव्हीएमवाल्यांचं कारण आमच्या कामाचं आहे. एनमची एखादी किंमत स्विचमध्ये राहून गेली तर क्लँग आणि जीसीसी हे कंपायलर इशारा देतात. डिफॉल्ट लिहिला की तो नेहमीचा इशारा बंद. म्हणजे जी ओळ सुरक्षेसाठी म्हणून लिहिली, तिनंच पुढच्या माणसाला मिळणारी सूचना अडवून धरली.

स्विफ्ट भाषेनं २०१९ मध्ये यावर जी तोड काढली ती मला सगळ्यांत समंजस वाटते. तिथं "अनोळखी" अशी खूण केलेला डिफॉल्ट लिहिता येतो. चालू प्रोग्राममध्ये तो अनोळखी किंमत झेलतो, पण कंपाइल करताना यादीतली ज्ञात किंमत वर राहून गेली असेल तर कंपायलर बोलतो. आमचं काम जावा भाषेत चालतं. तिथं मार्च २०२० मधल्या चौदाव्या आवृत्तीपासून स्विच एक्स्प्रेशन म्हणून, म्हणजे उत्तर परत देणारा, लिहिता येतो: केसपुढे बाण, ब्रेक नाही, ओघळणं नाही, आणि सगळ्या किमती घेतल्या नाहीत तर कंपाइलच होत नाही. एक बारकावा मात्र पुष्कळांना माहीत नसतो. बाण असला तरी स्विच नुसतं विधान म्हणून लिहिला, तर एनमसाठी जावा ही हजेरी घेत नाही. त्याच्याकडून उत्तर मागितलं, ते कशात तरी साठवलं किंवा परत दिलं, तरच घेते. म्हणून मी आता मुलांना सांगते, स्विचमध्ये कामं करू नका, स्विचकडून किंमत घ्या आणि काम बाहेर करा.

बाहेरून येणाऱ्या अक्षरांची गोष्ट निराळी. जावात २०११ पासून स्ट्रिंगवर, म्हणजे मजकुरावर, स्विच करता येतो आणि सगळे करतात. पण माणसानं भरलेल्या शब्दामागे एक स्पेस असते. जावास्क्रिप्टमध्ये फॉर्ममधून आलेला "३" हा मजकूर असतो आणि केसमधला ३ हा आकडा. तिथला स्विच काटेकोर तुलना करतो, म्हणून ते जुळत नाहीत. देवनागरीत तर आणखी एक खाच आहे. तऱ्हा, दुसऱ्या, कोऱ्या अशा शब्दांतला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संकेतांत, एका अक्षरानं लिहिता येतो, नाहीतर र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, अशा दोघांनी. पडद्यावर रेघभरही फरक दिसत नाही, स्विचला मात्र ते दोन वेगळे शब्द. असं काहीही झालं की माणूस जातो तो थेट डिफॉल्टमध्ये. तेव्हा आधी मजकूर साफ करायचा, युनिकोडचं रूप एकसारखं करायचं, आणि दारातच, एकदाच, त्याचं एनम करून घ्यायचं. अनोळखी माणूस भेटण्याची जागा ती. तिथं डिफॉल्ट हवा, आणि तो बोलका हवा. आतल्या सगळ्या स्विचमध्ये एनम, आणि तिथं डिफॉल्ट नको.

त्या साखळीच्या मुलाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा आमचे एक जुने सहकारी शेजारी चहा घेत उभे होते. ते म्हणाले, "तत्त्व ठीक आहे. पण निरोप न जाण्यापेक्षा इंग्रजीत गेलेला बरा नाही का? अपॉइंटमेंट चुकली तर?" या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, आणि तो सोडून देण्यासारखाही नव्हता. दवाखान्याचं काम आहे. स्वच्छ कोडसाठी कोणाचं इंजेक्शन चुकणं मला मान्य नाही. आम्ही बराच वेळ बोललो. मुलगा बहुतेक वेळ ऐकत होता, मग म्हणाला, "दोन्ही करू या की." त्याप्रमाणे आता असं केलंय: दारातल्या स्विचला भाषा ओळखता आली नाही, तर निरोप त्या दवाखान्यानं स्वतः निवडलेल्या भाषेत जातो, आणि त्याच वेळी रिसेप्शनच्या पडद्यावर "फोन करा" या यादीत रुग्णाचं नाव येतं. शेजारी भाषेच्या रकान्यात मुळात जे भरलं होतं ते, जसंच्या तसं. सुरुवातीला त्या यादीत रोज नावं यायची. बहुतेक आमच्याच घोळाची, स्पेस आणि स्पेलिंगची. पण एकापुढे कोणी तरी मल्याळम लिहिलं होतं, एकापुढे नेपाळी, आणि एकापुढे फक्त "मुलीला सांगा".

ते शेवटचं वाचून आम्ही तिघंही थोडे थांबलो. कुठल्याही एनममध्ये ते बसत नाही. निरोप मुलीच्या फोनवर जायला हवा, म्हणजे ती भाषेची गोष्टच नव्हती, संपर्काची होती. त्यासाठी आता वेगळा रकाना केला.

टूलचा तो नियम एनमच्या स्विचपुरता बंद करून घेतला आणि का केला ते तिथंच टिपणात लिहून ठेवलं. पुढचं काम तालुक्यांच्या फाइलीचं. मुलानं ते मागून घेतलंय. बाराही नावं लिहायची, डिफॉल्ट काढायचा, हे सोपं. अडलंय ते फोंड्यापाशी. दवाखान्यांच्या जुन्या नोंदी २०१५ च्या आधीच्याही आहेत, आणि तेव्हाचा फोंड्याचा रुग्ण उत्तर गोव्यातच होता. नुसती पाटी वरच्या गठ्ठ्यातून खालच्या गठ्ठ्यात नेली तर जुने अहवाल बदलतील. तालुका एकटा पुरणार नाही, नोंदीची तारीखही विचारावी लागेल, म्हणजे हे एका स्विचचं काम राहत नाही. सोमवारी तो आणि मी दवाखान्याच्या हिशेबनीसांकडे जाऊन विचारणार आहोत, त्यांचे जुने आकडे त्यांना कसे दिसायला हवेत.